सहकुटुंब वनविहार आणि सोयींचे खूळ

सुशिक्षित कुटुंबांत हल्ली एक मत इतके रूढ झाले आहे की, त्याचे समर्थन करण्याची गरजही कोणास वाटेनाशी झाली आहे. ते मत असे: डोंगरावर किंवा रानात पायी हिंडणे ही तरुण, धट्ट्याकट्ट्या आणि बिनजबाबदार माणसांची चैन होय, घरात लहान मुले व वृद्ध माणसे असली म्हणजे वाहन अगदी पाण्याच्या काठापर्यंत गेले पाहिजे, वाटेवर फरशी पाहिजे, दहा पावलांवर खाण्याचे दुकान पाहिजे, आणि एवढे झाले म्हणजेच ते स्थळ सहकुटुंब जाण्यास योग्य ठरते. हे मत आम्हांस सर्वस्वी चुकीचे वाटते. त्यापासून रानाची हानी होते हे उघडच आहे, व त्याविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिलेही आहे. परंतु ज्या कुटुंबाच्या कळवळ्याने ही सारी मागणी केली जाते, त्या कुटुंबाचीच तीत प्रथम हानी होते, ही गोष्ट मात्र कोणी स्पष्टपणे बोलत नाही. सबब ती येथे बोलून दाखविण्याचे आम्ही योजिले आहे.

वाद हवेत राहू नये म्हणून एक स्थळ डोळ्यांपुढे ठेवू. माथेरान हे त्या कामी सर्वांत सोयीचे. कारण ते आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिलेले आहे, तेथे तळे आहे, दाट रान आहे, आणि मुख्य म्हणजे पायी चालणे हा तेथील जुना रिवाज आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे तेव्हाचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकाच्या बाजूने हा डोंगर चढून वर आले, आणि तेव्हापासून गिरिस्थान म्हणून त्याचा लौकिक सुरू झाला. १९०७ साली नेरळहून वर येणारी दोन फूट रुंदीची आगगाडी धावू लागली. पुढे साऱ्या देशात मोटारींचा सुळसुळाट झाला, तरी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीच्या या पठारावर मोटारीस मज्जाव राहिला. त्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा मुलूख पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. ज्या गावाच्या नावातच माथा आहे आणि रान आहे, त्या गावाला शोभेल अशीच ही सारी व्यवस्था आहे. परंतु नेमकी हीच व्यवस्था पुष्कळांच्या डोळ्यांत खुपते, आणि ती मोडण्यासाठी कुटुंबाचे नाव पुढे केले जाते.

तेव्हा हे चालणे खरोखर किती आहे ते आधी पाहू. बाजारपेठेतून निघून तांबड्या मातीच्या वाटेने शार्लट तलावाकडे जावे. संथ चालीने गेले तरी तासाच्या आत तळे येते. काठावर पिसरनाथाचे देऊळ आहे. तेथे बसावे, थंड व्हावे. तेथून पुढे कड्याच्या कडेकडेने लॉर्ड, सीलिया, एको अशी ठिकाणे लागतात. आणखी उत्साह असल्यास लुईझा टोकापर्यंत जाऊन समोरचा प्रबळगड पाहावा, व दुसऱ्या वाटेने बाजारात परतावे. वाट बहुतेक सपाट; डोक्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांची सावली इतकी दाट की, एप्रिलच्या दुपारीही उन्हाचे कवडसेच तेवढे अंगावर पडतात. ही एक सकाळभराची फेरी होय. हिमालयाची चढाई नव्हे, राजगडाची चोरवाटही नव्हे. ज्यास ही फेरी कुटुंबास अशक्य वाटते, त्याने आपल्या कुटुंबाविषयी फारच हलके मत करून घेतले आहे, असे म्हटल्यावाचून आमच्याने राहवत नाही.

आता या मताच्या पुरस्कर्त्यांचे आक्षेप एकेक घेऊ. पहिला आक्षेप असा की, मुले चालत नाहीत. चालू लागल्यावर पाव तासातच ती पाय दुखल्याची तक्रार करतात, रडतात, कडेवर घ्या म्हणतात. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तिचे कारण पायांत नाही. जे मूल घराच्या अंगणात अथवा इमारतीखालच्या पटांगणात संध्याकाळचे दोन तास न थकता धावते, त्याचे पाय अर्ध्या मैलात कसे दुखतील? खरी गोष्ट अशी की, मुलाची चाल आणि आपली चाल या दोन निराळ्या जाती आहेत. मोठा मनुष्य चालतो तो कोठेतरी पोचण्यासाठी. मूल चालते ते वाटेत काय आहे हे पाहण्यासाठी. त्यास मुंग्यांची रांग दिसते, ते बसते. त्यास पोकळ काठी सापडते, ते तिच्यात फुंकते. झाडाच्या शेंड्यावर शेकरू एका फांदीवरून दुसरीवर उडी घेते, आणि मूल मान वर करून तोंड उघडे टाकून उभे राहते. अशा वेळी आपण त्याचा हात ओढतो आणि म्हणतो, “चल लवकर, अजून पाच पॉइंट राहिले आहेत!” मग ते थकले नाही तरच नवल. त्यास थकविते ते चालणे नव्हे, आपली घाई.

या घाईचे मूळ पॉइंटांच्या यादीत आहे. घोडेवाल्याने, हॉटेलवाल्याने किंवा छापील नकाशाने एक यादी हाती दिली की, आपल्यातील परीक्षार्थी जागा होतो. सात पॉइंट सकाळी, सहा दुपारी, सूर्यास्त शेवटी. प्रत्येक ठिकाणी एक छायाचित्र, आणि घरी आल्यावर सर्व पाहिल्याचे समाधान. आमच्या ओळखीतल्या कित्येक कुटुंबांस लॉर्ड, एको, लुईझा ही नावे क्रमवार पाठ आहेत. परंतु ज्या झाडांच्या सावलीतून त्यांनी ही ठिकाणे गाठली त्यांतील एकाचेही नाव त्यांस ठाऊक नाही. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ पासून आपल्या कपाटांत आहे. ते आपण मोठ्या आवडीने वाचतो व मुलांस वाचावयास देतो. मग जांभूळ आणि अंजनी प्रत्यक्ष समोर उभ्या असता त्यांच्याकडे पाठ करून दरीपुढे छायाचित्रास उभे राहतो! ज्या मुलाने एका सकाळी एकच तळे व एकच वाट पाहिली, पण अंजनीच्या काटक्यांवरचे निळ्या फुलांचे झुबके हाताने चाचपून पाहिले, त्याने तेरा पॉइंट पाहणाऱ्यापेक्षा पुष्कळ अधिक पाहिले, हे आम्ही कोणासही सिद्ध करून देण्यास तयार आहोत.

दुसरा आक्षेप वृद्धांविषयीचा. तो अधिक गंभीर आहे व आम्ही तो गंभीरपणेच घेतो. ज्यांचे गुडघे खरोखर निकामी झाले आहेत, ज्यांस हृदयाचा विकार आहे, जे अपंग आहेत, त्यांस तळ्याचा काठ दिसूच नये असे म्हणणारा मनुष्य निष्ठुर होय. आमचे म्हणणे तसे नाही. परंतु या थोड्यांच्या गरजेची ढाल पुढे करून तिच्याआड पंचविशी-तिशीतली धडधाकट मंडळी वाहनात बसू पाहतात, त्या लबाडीस आमचा विरोध आहे. घरातील आजीचे नाव घेऊन मागितलेल्या गाडीत आजी एका बाजूस आखडून बसलेली असते, आणि उरलेल्या सर्व जागा ज्यांस चालता येते त्यांनी अडविलेल्या असतात, हे दृश्य कोणी पाहिले नाही?

शिवाय वृद्धांस चालवत नाही हा सिद्धान्त आपण कोणत्या समाजाविषयी मांडतो याचाही थोडा विचार करावा. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट दरवर्षी आषाढाच्या तोंडाशी, पावसापाण्यातून, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या किती असतात! त्यांच्यापुढे डांबरी रस्ता असतो म्हणून त्या चालतात असे नव्हे; बरोबर माणसे असतात, मुक्काम ठरलेला असतो, आणि कोणी त्यांस मागे टाकून पुढे पळत नाही, म्हणून त्या चालतात. वारीची ही गुरुकिल्ली आपण ओळखली नाही. वृद्धास वाहनाहूनही अधिक हवी असते ती सोबतीची संथ चाल आणि वेळोवेळी टेकण्याची जागा. तेवढे दिले तर तळ्यापर्यंतची वाट पुष्कळ आजी-आजोबा हसत चालतील.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माणसाने माणसास ओढण्याची हातरिक्षा माथेरानात पिढ्यान्‌पिढ्या चालली. ती आम्हांस लांच्छनास्पद वाटते. कोणी दोन-तीन माणसांनी घामाघूम होऊन चढावर गाडी ढकलावी आणि आत बसलेल्या कुटुंबाने निसर्गशोभा पाहावी, हा वनविहार नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा व तीवर पोट असणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला, तो सर्वथा योग्य होय. २०२२ साली प्रायोगिक म्हणून सुरू झालेल्या ई-रिक्षेचाही आम्ही सरसकट धिक्कार करीत नाही. गावातील शाळकरी मुले, आजारी माणसे, बाळंतिणी, वृद्ध प्रवासी यांच्यासाठी ती असावी, आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती असावी. परंतु ती सर्वांसाठी आहे, ती तळ्यापर्यंत जावी, मग एकोपर्यंत जावी, मग तिच्यासाठी वाट रुंद व्हावी, ही जी पुढची मागणी दबक्या आवाजात होते, तिला आमचा सक्त विरोध आहे. गरजेचे वाहन आणि हौसेचे वाहन यांतील भेद एकदा पुसला, की रानातील वाटेचा रस्ता होण्यास आणि रस्त्याचा वाहनतळ होण्यास फार वर्षे लागत नाहीत.

तिसरा मुद्दा वाटांचा. मातीच्या वाटेची धूळ उडते, मुलांचे कपडे तांबडे होतात, पावसाळ्यात चिखल होतो. सबब सर्वत्र ठोकळे बसवावेत, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. यात काही तथ्य आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. जांभ्याची माती पावसाने वाहून जाते. मुसळधार पावसात वाटांच्या घळी होतात, झाडांची मुळे उघडी पडतात. पण त्यावरचा इलाज पाण्यास वाट काढून देणे हा होय. जागोजागी दगडी पायऱ्या, आडवे बांध, कडेचे चर, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर डागडुजी. साऱ्या रानास ठोकळ्यांचे जोडे घालणे हा इलाज नव्हे. गुळगुळीत ठोकळ्यांवरून घोड्याचे खूर घसरतात ही घोडेवाल्यांची तक्रार आहेच. उपरोक्त आदेशात न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून गावातील शिवरायांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळे बसविण्यास मोकळीक दिली, पण तीही खाली काँक्रीट न घालता. आणि आतील रस्ते व भटकंतीच्या वाटा यांवर ते बसवू नयेत असे बजाविले. न्यायालयास जो विवेक करता आला तो आपणांस, सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब जाणाऱ्यांस, करता येऊ नये काय? आणि कपडे तांबडे होण्याचे म्हणाल, तर ज्या मुलाचे कपडे सुट्टीतही मळत नाहीत त्याची आम्हांस मनापासून कीव येते.

चौथा आक्षेप पोटापाण्याचा. येथील लोकांची उपजीविका प्रवाशांवर चालते. प्रवासी अधिक आले पाहिजेत. आणि सोयी केल्याशिवाय ते येणार नाहीत. हा युक्तिवाद ऐकण्यास बिनतोड वाटतो. परंतु प्रवासी किती आले यावर गावाचे कल्याण ठरत नाही. ते किती वेळ राहिले, काय खाल्ले, कोणास मजुरी दिली, आणि मागे काय टाकून गेले यांवर ठरते. वाहनाने तळ्यापर्यंत जाणारा पाहुणा सकाळी येतो व संध्याकाळी जातो. पायी हिंडणाऱ्यास मुक्काम करावा लागतो. तो गावातल्या खानावळीत जेवतो, सामानासाठी हमाल करतो, थकलेल्या मुलास परतीच्या वाटेवर घोड्यावर बसवितो, निघताना चिक्की घेतो व चामड्याच्या चपला घेतो. गावाच्या पोटावर पाय देणारा तो नव्हे. आणि समजा, वाहने सर्वत्र गेली, ठोकळे सर्वत्र बसले, तर माथेरानात उरले काय? सपाटीवरील कोणत्याही शहराच्या वेशीवर मिळेल ते सारे; फक्त थोडे महाग. ज्या एका गुणासाठी लोक येथे येतात तोच गुण विकून अधिक लोक आणावयाचे, हा व्यापारही बुडीत होय.

आता तळ्याविषयी. शार्लट तलाव हा प्रेक्षणीय देखावा आहे त्याहून अधिक ते पिण्याचे पाणी आहे, ही एकच गोष्ट ध्यानात ठेवली तर आमचे निम्मे लिहिणे वाचले असते. ज्या पाण्यावर गावातील चुली व हॉटेलांतील घागरी भरतात त्याच्या काठी कागदी बशा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि उरलेले अन्न टाकून आपण उठतो. त्यातच मुलांचे हात धुतो. आपल्या घरातील पाण्याच्या पिंपात कोणी पाहुण्याने पाय बुडविले तर आपण काय म्हणू? माकडांचेही तेच. मुलांच्या करमणुकीसाठी आपण त्यांस वेफर व बिस्किटे घालतो. काही दिवसांनी तीच माकडे दुसऱ्या मुलाच्या हातातील पिशवी हिसकावून त्यास ओरबाडतात, आणि मग आपण माकडांच्या बंदोबस्तासाठी अर्ज करतो. जेथे खाण्याची दुकाने दहा पावलांवर असतात तेथे कचरा व माकडे हीही दहा पावलांवर असतात. यांस सोयीपासून निराळे काढता येत नाही.

येथवर जे सांगितले ते रानाच्या व गावाच्या बाजूने. आता ज्या मुद्द्याला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो तो सांगतो. सोयीच्या नावाने जी सहल निघते तीत सोय कोणाची असते? बारकाईने पाहा. घरातील गृहिणी पहाटे चारला उठून पुऱ्या तळते, भाजी बांधते, मुलांचे जादा कपडे, औषधे, सासऱ्यांची चादर हे सारे भरते. वाहन पाण्याच्या काठी थांबते, मंडळी उतरतात, कोणी कड्याकडे जातो, कोणी घोड्यावर बसतो, आणि ती मात्र पिशव्यांपाशी बसते. “तू बस ग सामानापाशी, आम्ही आलोच!” हे वाक्य किती सहलींत उच्चारले गेले असेल! तिची सहल म्हणजे घरच्या ओट्याऐवजी तळ्याकाठचा ओटा. सासूबाईंचीही तीच गत: पाय दुखतात म्हणून त्यांस एका बाकावर बसविले, की परत जाताना त्यांस उचलून नेईपर्यंत त्यांची आठवण कोणास होत नाही.

पायी फेरीत असे करताच येत नाही. तीत सामान ठेवून जाण्यास जागाच नसते. जे न्यावयाचे ते पाठीवर न्यावयाचे, म्हणून ते थोडे न्यावे लागते, आणि प्रत्येकास आपापला वाटा उचलावा लागतो. आठ वर्षांच्या मुलाच्या पाठीवर त्याचीच पाण्याची बाटली येते, आणि वडिलांच्या पाठीवर शिदोरी. पुऱ्यांच्या जागी भाकरी, चटणी व चार केळी चालतात. जो सर्वांत सावकाश चालतो त्याच्या चालीने सर्वांस चालावे लागते. कोणी कोणास टाकून जात नाही. कुटुंब या शब्दाचा याहून चांगला अर्थ आम्हांस ठाऊक नाही. चार भिंतींच्या आत जो जेवतो निराळ्या वेळी, निजतो निराळ्या खोलीत आणि पाहतो निराळ्या पडद्याकडे, त्यास एक सकाळ का होईना, आपल्या आईच्या पावलाबरोबर पाऊल टाकावे लागते. ही गैरसोय नव्हे. सहलीस जाण्याचे कारणच हे.

आणि मग एक गंमत घडते. ज्या आजीस आपण ओझे समजून वाहनात घालणार होतो, तीच वाटाडी ठरते. कोकणात अथवा देशावरच्या खेड्यात जिचे लहानपण गेले, तिला हिरड्याचे झाड दुरून ओळखता येते. बाळहिरडा उगाळून तान्ह्या मुलास कसा देत हे ती सांगते. जांभळाची बी का टाकू नये हे सांगते. कोणत्या पानाची पत्रावळ होते व कोणत्याची होत नाही हे सांगते. मुलाच्या शाळेत हे शिकवीत नाहीत, आणि मुलाच्या बापाने शिकून विसरून टाकले आहे. कार्तिकात आवळीखाली पाने मांडून जेवण्याची जी चाल आपल्या आज्यापणज्यांनी पाळली, तिच्या मुळाशी धर्माइतकेच हे ज्ञानही होते: वर्षातून एकदा तरी घरातील लहानथोर सर्वांनी झाडाखाली बसावे, आणि ते कोणते झाड आहे हे लहानांनी थोरांस विचारावे. आवळीभोजनास कोणी फरशी मागितली नव्हती. झाड होते आणि विचारणारे मूल होते, एवढ्यावर ते पार पडत होते. आज झाड आहे, मूल आहे, आजीही आहे. नाही तो फक्त वेळ, आणि तो नाही कारण आपण तो वाचवीत असतो.

कोणी म्हणेल, तुम्ही सर्वच सोयींचे वैरी दिसता. तसे नाही, उलट ज्या सोयी खरोखर हव्यात त्या कोणी मागत नाही अशीच आमची तक्रार आहे. वाटेवर अर्ध्या-अर्ध्या मैलाने बसण्यास दगडी कट्टा हवा. पिण्याचे स्वच्छ पाणी हवे. स्त्रियांसाठी स्वच्छ शौचकूप हवेत; त्यांच्या अभावी कितीजणी सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत हे पुरुषांच्या कधी ध्यानातही येत नाही. कड्यांच्या टोकांवर भक्कम कठडे हवेत, कारण मुलांस पुढची दरी कळत नाही. वाटेच्या फाट्यांवर मराठीत ठळक अक्षरांच्या पाट्या हव्यात, आणि झाडांवर त्यांची नावे टांगलेली हवीत. नेरळची आगगाडी बारमाही नसली तरी पावसाळ्याबाहेर भरवशाची हवी. २००५ च्या जुलैमधील महापुराने तिचा मार्ग उद्ध्वस्त केला होता, आणि त्यानंतरही तिच्यात वारंवार खंड पडला. ती पुन्हा सुरळीत व्हावी म्हणून जितका आग्रह व्हावयास हवा होता तितका तो प्रवाशांनी केला नाही. आणि सुट्टीच्या दिवसांत एका वेळी किती माणसे वर यावीत यास मर्यादा हवी. या सोयी कुटुंबाच्या आहेत. त्यांनी वाट वाटच राहते. बाकीच्या सोयी वाहनाच्या आहेत. त्यांस कुटुंबाचे नाव देऊ नये.

चालण्याचे धोके आहेत, आणि ते लपवून उपदेश करणे प्रामाणिकपणाचे नव्हे. भर पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ चढते, धुक्यात कडा दिसत नाही. तेव्हा लहान मुलांस घेऊन कडेच्या वाटेने जाऊ नये. तळ्यात उतरू नये. अरुंद वाटेवर घोडा आला तर दरीच्या बाजूस न सरता डोंगराच्या बाजूस सरावे. सकाळी लवकर निघावे, आणि दुपारच्या आत परतावे. एका दिवशी एकच फेरी करावी; उरलेले राहू द्यावे. माथेरान पळून जात नाही. निदान आपण त्यास पळवून लावीपर्यंत तरी नाही.

वाचकांपैकी पुष्कळजण येत्या सुट्टीत कोठल्यातरी तळ्याकडे, कोठल्यातरी रानात मुलाबाळांसह जातील. ते माथेरानच असेल असे नाही. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या कुशीपासून नवेगावबांधच्या जलाशयापर्यंत अशा जागा पुष्कळ आहेत, व सर्वत्र हाच झगडा कमीअधिक प्रमाणात चालू आहे. त्यांस आमची एवढीच विनंती की, वाहन जेथे थांबते तेथे कुरकुर न करता उतरावे, आणि ते आणखी पुढे जावे अशी मागणी करणाऱ्यांत आपले नाव घालू नये. रान वाचविण्याचे काम सरकार करील, न्यायालये करतील, किंवा करणारही नाहीत. परंतु ज्या पिढीने रान केवळ काचेतून पाहिले तिला ते वाचविण्याची निकड भासणार नाही, हे निश्चित. आणि ती पिढी काचेआड बसविणारे हात आईबापांचेच असतील. त्यांनी ते दार उघडावे, मुलास खाली उतरवावे, आणि त्याच्या चालीने चालावे.